खांद्यावरची वीणा

विश्वजितच्या मोटरसायकलचा हॉर्न सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. दोन आखूड, एक लांब. तो वाजला की मारुतीच्या मंडपात बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

"आले बाई रूपाचे मालक," पारूबाई म्हणायची. "सोडायला बी येतेत, न्यायला बी येतेत. आमच्या ह्यांनी मला लग्नाच्या दिवशी काय ती गाडीत बसवली, तेवढीच."

सगळ्या खिदळायच्या. वच्छलाबाई हसायची नाही. तिच्या हातातला टाळ मात्र एक ठोका उगाच जोरात वाजायचा.

पडेगावातल्या त्या वस्तीत हनुमान जयंतीचा सप्ताह म्हणजे वच्छलाबाईचं माहेरपण. पन्नाशी सरली, गुडघे कुरकुरायला लागले, पण सप्ताहाचे सात दिवस ती घरात सापडायची नाही. काकड्यापासून दिवेलागणीच्या कीर्तनापर्यंत मंडपातच. आवाज तिचा खणखणीत. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं डोंगरात हाळ्या देऊन कमावलेला. महिला मंडळात चाल उचलायची ती वच्छलाबाईनं आणि बाकीच्यांनी मागं झेलायची, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. देवाच्या दारात आपला एवढा एक कोपरा आहे, असं तिला वाटायचं, आणि ते वाटणं काही खोटं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर मागच्या गल्लीत दोन खोल्यांत नवं जोडपं राहायला आलं. नवरा वाळूजला कंपनीत, बायको सोयगावकडची. रूपा तिचं नाव. पहिल्याच एकादशीला ती भजनाला आली, मागच्या रांगेत बसली, आणि चाल झेलताना तिचा आवाज असा अलगद वर गेला, की पेटीवर बसलेल्या बिभीषणचा हात थांबला.

"ताई, तेवढं पुन्हा म्हणता का?" बिभीषण म्हणाला.

इतक्या वर्षांत बिभीषणनं वच्छलाबाईला "पुन्हा म्हणा" कधी म्हटलं नव्हतं. "मावशी, जरा हळू" एवढंच म्हणायचा.

आता आवाज म्हणजे देवाचं देणं. ते गिळता आलं असतं. वच्छलाबाईनं ते गिळलंही, आवंढ्यासारखं. पण त्या पोरीचा नवरा! तो काही केल्या घशाखाली उतरेना.

भाजी तो आणायचा, दूध तो आणायचा. आठवड्यानं नळाला पाणी आलं की हंडे तो भरायचा, रूपाला दारातसुद्धा उभं राहू द्यायचा नाही. ताप आला तर डॉक्टरपुढं तिच्या आधी तोच बोलायचा. तिच्याकडं फोन नव्हता. "कशाला पाहिजे मावशी तिला ती कटकट?" तो म्हणायचा. संक्रांतीला तिला माहेरी धाडलं नाही. पारूबाईनं विचारलं, तर हसत म्हणाला, "तिच्याशिवाय करमत नाही हो मला."

करमत नाही! वच्छलाबाई त्या दिवशी घरी आली आणि ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडं, पुंजारामकडं, तिनं असं पाहिलं, की त्याला वाटलं शेळी सुटली.

"काय झालं?"

"मी चार दिवस फुलंब्रीला पोरीकडं गेले तर तुमाला करमंल का?"

पुंजारामनं विचार केला. "शेळ्यायला कोण बघंल?"

"शेळ्याचं नाय इचारलं मी."

"मंग करमंल की. तू सांजच्याला येणारच हायस ना?"

वच्छलाबाईनं तांब्या आपटला. तिनं एकदा त्याला असंही म्हणून पाहिलं होतं, की संध्याकाळी मंडपातून एकटी येते, कुत्री असतात, जरा न्यायला या. पुंजाराम मनापासून हसला होता. "तुला कोण पळवून नेतंय? आन् नेलंच, तर दोन रोजांत परत आणून सोडंल बिचारा."

अशा माणसाच्या शेजारी झोपणाऱ्या बाईनं विश्वजितचा हॉर्न ऐकून काय करावं?

विश्वजितनं हे कसं ओळखलं, देव जाणे. पण ओळखलं. एकदा रूपाला घ्यायला आला तेव्हा वच्छलाबाईच्या पाया पडला आणि बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही मला आईच्या ठिकाणी. रूपा भोळी आहे, शहरातल्या माणसांची पारख नाही तिला. मी ड्युटीवर असलो की जीव थाऱ्यावर नसतो. तुम्ही तेवढं लक्ष ठेवा. मी फोन करत जाईन."

वच्छलाबाईचा फोन तोवर दोनच कारणांनी वाजायचा. कुणाला बोकड पाहिजे असला की, नाहीतर बँकेची ती बाई हिंदीत बोलायची तेव्हा. आता रोज दुपारी वाजायला लागला. "मावशी, जेवलात का?" हे आधी. मग, "रूपा पोचली का? कोणाशेजारी बसलीय? निघायला उशीर का झाला?" वच्छलाबाई पदरात तोंड घालून हळूच सांगायची. त्या मायेतला एक तुकडा आपल्याही ताटात पडतोय असं तिला वाटायचं. आणि, खरं सांगायचं तर, रूपाची दोरी जराशी आपल्याही हातात आहे, याचं तिला बरं वाटायचं.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी बिभीषणनं मंडळाला एक नवी चाल शिकवायला घेतली. रूपा एका जागी सारखी घसरायची. पुन्हा घसरली तेव्हा बिभीषण म्हणाला, "ताई, तिथं खड्डा हाय वाटतं," आणि रूपा तोंडाला पदर लावून हसली, पारूबाई फसकन हसली, सगळं मंडळ हसत सुटलं. वच्छलाबाईसुद्धा.

त्यानंतर थोड्याच वेळात फोन वाजला.

"आली ना मावशी ती?"

"आली की. नवी चाल शिकवली बिभीषणनं." मग तिच्या जिभेवर ते आपोआप आलं. तिनं अडवलं नाही. "लई हसत व्हते दोघं."

पलीकडून नुसतं, "बरं, मावशी." फोन बंद. जेवलात का, हे आज त्यानं विचारलं नाही. वच्छलाबाईला तेवढंच खटकलं.

त्या दिवशी हॉर्न भजन संपायच्या आधीच वाजला.

दिवेलागणीला वैजनाथ महाराजांचं कीर्तन होतं. महाराज म्हणजे साधा, काटकुळा माणूस. पण दृष्टांत सांगायला लागले की म्हातारी माणसं खुर्चीतून पुढं सरकायची. त्या दिवशी त्यांनी एका माळ्याची गोष्ट लावली. माळ्याची तुळशीवर फार माया. शेळी खाईल, ऊन लागेल, कुणी पान तोडील. म्हणून त्यानं कोंबड्या झाकायचं डालं आणलं आणि तुळशीवर पालथं घातलं. वर दगड ठेवला. रोज सकाळी डाल्याला नमस्कार करायचा, डाल्यावर पाणी ओतायचा. लोक म्हणायचे, काय भाग्याची तुळस! महिन्यानं डालं उचललं.

"सांगा, कशानं गेली तुळस?" महाराजांनी चिपळ्या थांबवल्या. "शेळीनं? उन्हानं?"

कुणीतरी म्हणालं, "डाल्यानं!"

"आन् कौतुक कोन करत व्हतं?" महाराज हळूच म्हणाले, आणि मृदंगावर थाप पडली.

वच्छलाबाईनं सगळ्यांबरोबर मान डोलावली. मनात म्हणाली, त्याच्याकडं डालं तरी व्हतं. आमच्या धन्यानं तर शेळीच तुळशीला बांधली असती. मंडपाच्या कडेला पुंजाराम खांबाला टेकून घोरत होता, ते पाहून तिला अजूनच राग आला.

दुसऱ्या दिवशी रूपा उशिरा आली. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, आणि हिनं पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतलेला.

"काय गं, थंडी वाजतीया का?" पारूबाई म्हणाली.

रूपाच्या तोंडातून आवाज निघाला तो फाटक्या कागदासारखा. "सर्दी झालीय. घसा बसला."

"चैत्रात सर्दी! कूलरपुढं झोपली असशील. नवा कूलर आणलाय म्हनं मालकानं." पारूबाईनं वच्छलाबाईकडं डोळा बारीक केला. "करा बाई मजा."

कूलर. वच्छलाबाईनं टाळ उचलले.

बिभीषणनं पेटी उघडली आणि रूपाकडं पाहून मान हलवली. "मग मावशी, आज तुमीच."

वच्छलाबाई गायली. नवी चालसुद्धा न घसरता गायली. कित्येक महिन्यांनी तिच्या छातीत ती जुनी जागा मोकळी झाली, आणि देवा, माफ कर, पण तिला आनंद झाला. मागच्या रांगेत रूपा पाणी पीत होती. घोट उतरताना तिचे डोळे गच्च मिटत होते. ते वच्छलाबाईला दिसलं. तिनं मान वळवली आणि पुढचं कडवं उचललं.

पाचव्या दिवशी रूपानं गायच्या ऐवजी दुपारचा वीणेचा पहारा मागून घेतला.

सप्ताह उभा राहिला की वीणा उभी राहते. पहिल्या दिवशी पूजा करून जी खांद्यावर चढते, ती काल्यापर्यंत भुईला टेकत नाही. एकानं नामस्मरण करत ती धरायची, पहारा संपला की दुसऱ्यानं यायचं, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा खांद्यावरून खांद्यावर द्यायची. वीणेकऱ्याला कुणी ओढत नाही, हटकत नाही. घरात मयत झालं, तरी दुसरा खांदा मिळेपर्यंत तो जागचा हलत नाही. या मंडपात पूर्वी पहारा फक्त गड्यांचा असायचा. दिवसाचा पहारा बायकांना मिळाला, तो वच्छलाबाईनं चार वर्षांमागं पंचमंडळींशी भांडून. त्यामुळं वीणेवर तर तिचा जीवच.

रूपाच्या नंतरचा पहारा तिचाच होता. ती पाय धुऊन, कपाळाला बुक्का लावून मंडपात आली. ऊन टळटळीत. तिथं पारूबाई, सरकारी दवाखान्याकडून घरोघर फिरणारी आशाताई सुकेशनी आणि आणखी पाच-सहा बायका होत्या. बिभीषण पेटीशेजारी लवंडला होता. पुंजाराम मंडपाच्या तोंडाशी चपलांच्या ढिगाजवळ सावलीला बसला होता.

वच्छलाबाईनं वाकून पायाला हात लावला. वर पाहिलं. रूपानं वीणा पुढं केली नाही.

"दे."

रूपानं मान हलवली. "मावशी, थोडं थांबता?"

"थांबू? माझा पहारा हाय."

"थोडा वेळ. मी धरते."

वच्छलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "का गं? गाणं घेतलंस. बिभीषणपासून पारूपर्यंत समद्यांच्या तोंडी तूच. घरी कूलर, दारात गाडी. आता वीणा बी तुलाच? मी भांडून आणलीय ती ह्या मंडपात, ठावं हाय का तुला? सोड."

तिनं वीणेच्या दांडीला हात घातला. रूपानं सोडली नाही. दोघींच्या मुठी एकाच लाकडावर, आणि तार उगाच झणझणली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब.

आणि वच्छलाबाईच्या मुठीखालची ती मूठ थरथरायला लागली. लहानपणी मेंढरं कोंडायच्या वाडग्याजवळ लांडगा आला की मेंढरू असं थरथरायचं. ओरडायचं नाही, पळायचं नाही, हात लावला तर कातडीखाली कळायचं. तिनं वर पाहिलं. ओढाताणीत रूपाच्या गळ्यावरचा पदर सरकला होता. कंठाच्या दोन्ही अंगांना काळेनिळे डाग होते. एका बाजूला एक, मोठा. दुसऱ्या बाजूला चार.

वच्छलाबाईनं आपला हात वीणेवरून काढून घेतला.

"ही खांद्यावर हाय तोवर ते हात लावत नाहीत," रूपा त्या फाटक्या आवाजात म्हणाली. "चार माणसं बघतेत."

"परवा?" वच्छलाबाईनं विचारलं. "परवाच्या दिवशी केलं?"

रूपानं मान हलवली. "व्हय. म्हणाले, कुणासंगं हसत व्हतीस. पयल्यांदा नाय मावशी. पर असं गळ्याला... मला वाटलं, आता मी गेले."

लई हसत व्हते दोघं. तिचेच शब्द.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

"ह्यायला सांगू का?" तिनं बायकांकडं डोळ्यानं खुणावलं. "तू म्हणशील तरच."

रूपानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. जिनं पाळत ठेवली, तिच्यावर भरवसा ठेवायचा का, हे ती तोलत असावी. मग तिनं मान डोलावली. "सांगा. मला एकटीनं व्हत नाय."

विश्वजित मंडपात आला तो हसतच. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा. येता येता त्यानं मारुतीला हात जोडले.

"चला मॅडम, घरी पाहुणे आलेत. मावशी, घ्या ना वीणा. तुमचाच पहारा आहे ना आता?"

त्याला पहारा कुणाचा हे ठाऊक होतं. वच्छलाबाईनंच कालच्या फोनवर सांगितलं होतं.

"गुडघे धरलेत माझे," ती म्हणाली. "माझा पहारा आज तीच करतीया."

"असं कसं? मग पारूबाई घेतील." तो वळला. "पारूबाई, घ्या हो जरा. हिची तब्येत बरी नाही."

"व्हय की, पोरगी कवाची उभी हाय," म्हणत पारूबाई लगबगीनं उठली, हात पुढं करून. तिला काय माहीत! वच्छलाबाईनं तिचं मनगट धरलं.

"बस खाली, पारू."

"अगं पर—"

"हिच्या गळ्याकडं बघ आधी."

पारूबाईनं पाहिलं. सुकेशनी उठून जवळ आली, तिनं पाहिलं. बिभीषण उठून बसला.

विश्वजितचं हसू गेलं नाही, फक्त पातळ झालं. "नवरा-बायकोत होतं कधी कधी. घरातली गोष्ट आहे. रूपा, चल."

रूपा हलली नाही.

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका." आता त्याचा आवाज खाली आला. "तुम्हीच सांगितलं ना मला फोनवर? हा पेटीवाला आणि ही, दोघं हसत होते म्हणून? रोज सगळं सांगत होता. आज एकदम संत झालात?"

बिभीषणची मान खाली गेली. सगळ्या बायकांचे डोळे वच्छलाबाईवर. ज्या मानानं ती आजवर या मंडपात ताठ बसली, तो सगळा मान त्या एका वाक्यानं भुईवर आला. नाही म्हणता आलं असतं. फोनवर काय बोललं, हे कुणी ऐकलंय?

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगितलं. दोघं नव्हते हसत, आमी समद्या हसत व्हतो. मी बी हसले. पर मी 'दोघं' म्हनले, कारन मी जळत व्हते हिच्यावर. हिच्या गळ्यावर, तुझ्या गाडीवर, तुझ्या हॉर्नवर जळले मी. ते माझं पाप, त्याचं मी मारुतीपुढं बघीन." तिनं श्वास घेतला. "पर गळा मी नाय धरला. ती बिभीषणसंगं हसली असती, दिवसभर हसली असती, तरी गळा धरायचा नसतो. धरला तो तुझ्या हातानं."

विश्वजित एक पाऊल पुढं आला. तिला वाटलं, आता आपल्यालाच ढकलतो. तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. पुंजाराम काठी टेकत उठला होता.

"पोरा," तो म्हणाला, "चपला तिकडं काढायच्या असतेत."

विश्वजितनं खाली पाहिलं. तो बूट घालून थेट वीणेपर्यंत आला होता. आतापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता सगळ्यांनी त्याच्या पायाकडं पाहिलं. पुंजाराम काठी आडवी धरून तिथंच उभा राहिला, मेंढरं अडवायला राहावं तसा, काही न बोलता. बिभीषणही येऊन त्याच्याशेजारी उभा राहिला.

"घरी तर येशीलच ना," विश्वजित रूपाला म्हणाला. "मग बघू." ते सगळ्यांनी ऐकलं. तो गेला, पण रस्त्यापलीकडं गाडीवर बसून राहिला.

"आता?" पारूबाई रडवेली झाली. "माय माय, मी तर रोज म्हणायचे, नशीबवान हायस. फोन नाय, माहेरी जाणं नाय, भाजी आणायला बाहेर नाय... आन् मी म्हणायचे, किती जपतो!"

"आपण समद्याच म्हणत व्हतो," सुकेशनी म्हणाली. तिनं फोन काढला होता. "रूपा, मी एकशे एक्याऐंशीवर लावते. बायकांसाठीच हाय तो नंबर. पोलीस बी येतील, पण तुला जिथं नाय जायचं तिथं कुणी नेणार नाय. आन् आधी घाटी दवाखान्यात. गळा दाबलेला असला की वरून बरं दिसलं तरी आत सूज असते, दाखवायलाच पाहिजे. लावू?"

"लावा."

पारूबाईच्या फोनवरून सोयगावला रूपाच्या भावाला लावलं. सांडू त्याचं नाव. स्पीकरवर त्याचा आवाज आला तो आधी चिडलेला. "आता आठवण आली का? दाजी म्हणायचे, तुला आमच्याशी बोलायचंच नाय."

"मी असं कधीच नाय म्हणले रे," रूपा म्हणाली.

सांडूचा सूर एकदम बदलला. "आवाजाला काय झालं तुझ्या?" आणि उत्तर यायच्या आधीच, "निघालो मी. तिथंच थांब."

ती थांबली. वीणा खांद्यावर घेऊन. बायकांनी टाळ घेतले आणि तिच्याभोवती कडं केलं, पाठी बाहेर, तोंडं आत. कुणी ठरवलं नव्हतं. वच्छलाबाईनं नाम उचललं, बाकीच्यांनी झेललं. रूपाचे फक्त ओठ हलत होते. नंतर आणखी बायका आल्या, कुणी विचारलं, कुणी न विचारता टाळ घेतले. पुंजाराम चपलांपाशी परत जाऊन बसला, पण आता तोंड रस्त्याकडं करून. मध्येच पाणी घेऊन आला तेव्हा हळूच म्हणाला, "महाराज त्या दिवशी डाल्याचं म्हणत व्हते, ते हेच व्हय?"

"तुमी तर घोरत व्हता."

"डोळे झोपले व्हते."

ऊन कलताना पोलिसांची गाडी आली. दोन महिला पोलीस उतरल्या, त्यांच्याबरोबर महिला मदत केंद्रावरची एक ताई. रस्त्यापलीकडं गाडीवर आता कुणी नव्हतं. ताई रूपाशी बाजूला बोलली. घाईनं नाही, आणि तिच्या वतीनं कुणालाही बोलू न देता. मग रूपा वळली आणि वच्छलाबाईपुढं येऊन उभी राहिली.

"मावशी, आता घ्या."

रिवाजाप्रमाणं दोघींनी एकमेकींच्या पाया पडायचं. रूपा वाकायच्या आधीच वच्छलाबाई वाकली. तिचे गुडघे खरंच दुखत होते. रूपाच्या पायावर डोकं टेकून ती तिथंच राहिली, तेव्हा पारूबाईनं दंडाला धरून उठवलं. वीणा खांद्यावर आली. इतके तास दुसऱ्याच्या अंगाला लागून तिचं लाकूड गरम झालं होतं.

रूपा गाडीत बसली. सुकेशनी तिच्याबरोबर गेली. पारूबाई सांडूची वाट बघत मंडपाच्या तोंडाशी थांबली. तो आला की त्याला थेट घाटीत धाडायचं होतं.

बिभीषण पेटीजवळ उभा होता. "मावशी, आवाज येईल ना हो तिचा परत?" त्याचे डोळे भरले होते.

आणि त्या वेळेलाही वच्छलाबाईच्या काळजात ते बारीकसं टोचलंच. आपला आवाज गेला, तर असं कुणी विचारील का? तिनं ते टोचू दिलं. मग मारुतीकडं पाहून मनाशी म्हणाली, येऊ दे बाबा. माझ्यापुढं जाऊ दे. म्हणायला जड गेलं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. पारूबाईनं धावत येऊन तो बाहेर काढला आणि पडदा तिच्यापुढं धरला. विश्वजित.

आजवर या नावानं फोन वाजला की ती पदर सावरून कोपऱ्यात जायची. तो तिला विचारणार होता, मावशी, कुठं नेलं तिला? कदाचित आधी, जेवलात का, म्हणणार होता.

"उचलू का?" पारूबाई कुजबुजली.

वच्छलाबाईनं नाम थांबवलं नाही. नुसती नकारार्थी मान हलवली. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. तिनं वीणा खांद्यावर नीट घेतली आणि तार छेडली.